कान तपासा, मग स्वभावाबद्दल बोला

शाळा सुरू होऊन महिना झाला की पहिली पालकसभा होते. मिरज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, आणि या सभेत एक वाक्य हमखास कानावर येतं, "बाई, ह्याला जरा धाकात ठेवा, घरात कुणाचं म्हणून ऐकत नाही." कुणी सांगतं आगाऊ झालाय, कुणी म्हणतं मोबाइलनं डोकं बिघडवलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलही आपण असंच बोलतो. तिरसट झालेत, हट्टी झालेत, सोयीचं असेल तेवढं बरोब्बर ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाच्या स्वभावावर शिक्का मारायच्या आधी एकदा त्याचे कान तपासून घ्या. वर्गात आणि घरात मी जे बघितलं, त्यावरून अगदी कळकळीनं हे लिहितेय.

पाय मुरगळला तर मूल रडत घरी येतं. ऐकायला कमी येतं म्हणून कुठलंही मूल रडत येत नाही. त्याला पहिल्यापासून जेवढं ऐकू येतं, तेवढंच सगळ्यांना येत असणार असं ते धरून चालतं. शेजारच्या पोराला बाईंचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं, हे त्याला कळणार कसं? मोठ्यांचं दुसरंच असतं. त्यांचं ऐकणं वर्षानुवर्षं इतकं हळू कमी होत जातं की आपले कान उतरलेत असं त्यांना वाटतच नाही, लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत असं वाटतं. म्हणजे ज्याला त्रास आहे तोच तो सांगू शकत नाही. ओळखायचं काम आईचं, सुनेचं, बाईंचं, शेजारी बसणाऱ्या माणसाचं आहे.

माझ्या वर्गात दुसरीला एक मुलगा होता. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की अक्षर वळणदार, काना-मात्रा जागच्या जागी. आणि श्रुतलेखन घातलं की त्याच वहीत दुसराच कुणी लिहितोय असं वाटावं. मी 'खडी' म्हटलं की हा 'कडी' लिहायचा, 'पाठ' म्हटलं की 'पाट'. एकदा 'फळा' सांगितलं तर 'पळा' लिहून ठेवलं. 'मामा', 'आई', 'गाडी' मात्र बिनचूक. ज्या अक्षरांत नुसती हवा सोडल्यासारखा बारीक आवाज असतो, तिथंच तो अडत होता. बघून लिहिलेलं आणि ऐकून लिहिलेलं यांत एवढी तफावत दिसली की माझ्या मते तिथंच थांबावं. ते मूल अभ्यासात कच्चं आहे असं म्हणायची घाई करू नये. ही तपासणी कुठल्याही शिक्षकाला फुकटात करता येते, वह्या आपल्याच टेबलावर असतात.

मग मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. "वही काढा, पान नंबर बारा उघडा, तिसरा प्रश्न सोडवा" असं म्हटलं की बाकीच्यांची पानं फडफडायची. हा आधी शेजाऱ्याच्या बाकावर नजर टाकायचा, मग दप्तरात हात घालायचा. वही निघायची, पण पुढं काय करायचं ते ठाऊक नसायचं, म्हणून गप्प बसून राहायचा. मैदानावर शिट्टी वाजली की सगळ्यांबरोबर पळायचा, पण पाठीमागून नावानं हाक मारली तर वळायचा नाही. आणि सगळ्यांत फसवणारी गोष्ट म्हणजे हे रोज होत नव्हतं. उन्हाळ्यात बरा असायचा, पावसाळ्यात सर्दी झाली की पुन्हा तेच. त्यामुळे घरचे म्हणायचे, काल तर सगळं ऐकू येत होतं, आज नाटक करतोय. त्याच्या वडिलांचं म्हणणं, "बाई, घरात ताट पडलं तरी दचकतोय, कानाला काय झालंय त्याच्या?" ताट पडल्याचा आवाज मोठा असतो, अर्धवट ऐकणाऱ्यालाही तो ऐकू जातो. मागून टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. आईनं मात्र एक गोष्ट सांगितली, तो रात्री तोंड उघडं टाकून झोपतो आणि घोरतो. नाकामागची गाठ वाढलेली असली की मुलं अशी झोपतात, आणि तिचा कानाशी थेट संबंध असतो.

मिरजेला नेऊन तपासलं तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी निघालं. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीनं ती बंद पडली की मधल्या कानात द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. फक्त सगळं जग कानात कापूस घातल्यासारखं ऐकू येतं. बहुतेक मुलांचं हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर आधी थांबून बघतात. याचं ओसरलं नाही. मग गाठ काढून पडद्यात बारीक नळी बसवावी लागली. सुट्टीनंतर वर्गात आला आणि संध्याकाळी आईला म्हणाला, "शाळेतला पंखा लय आवाज करतोय." तो पंखा तसाच वाजत होता, वर्षभर.

अशा मुलांचं ऐकणं साधारण २५ ते ३० डेसिबलनं कमी झालेलं असतं. डेसिबल हे आवाज मोजायचं माप, ३० डेसिबल म्हणजे कुजबुजीएवढा आवाज. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला, त्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल कमी असेल तर 'ऐकू कमी येणारा' आणि ७० च्या पुढं गेलं की 'कर्णबधिर' धरतात. प्रमाणपत्रासाठी कुठं तरी रेघ ओढावी लागते, हे मला मान्य आहे. पण ३० वालं मूल त्या रेघेपासून कितीतरी अलीकडे राहतं. त्याला कुठला दाखला नाही, सवलत नाही, विशेष शिक्षक नाही, आणि वर्गात त्याचं नुकसान रोज होत असतं. आमच्या वर्गाला पत्र्याचं छप्पर आहे, पावसाची सर आली की शेवटच्या बाकावर चांगल्या कानाच्या मुलालाही माझं अर्धंच बोलणं पोचतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. वर्गाच्या चार भिंतींत तेवढा उतरत नसेल, पण भिंतींवर आपटून घुमतो, आणि घुमलेला आवाज समजायला आणखी अवघड. अशा वर्गात या पोराला आपण मागच्या बाकावर बसवतो, का तर उंच आहे.

इथं एक गोष्ट रोखठोक बोलायची आहे. "कानाखाली वाजवीन" हे आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं, आणि केलंही जातं. उघड्या तळहाताची चपराक कानावर नेमकी बसली की आतली हवा दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहे, ती सगळ्या शिक्षकांना पाठ आहे. घरात मात्र कायदा पोचत नाही. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला ऐकत नाही म्हणून कानावरच मारायचं, यापेक्षा मोठा अन्याय मला तरी सुचत नाही.

आता दुसरी बाजू, जी फारशी कुणी सांगत नाही. कानाची तपासणी नॉर्मल आली तरी ऐकण्याचा त्रास असू शकतो. ऑडिओमेट्री बंद खोलीत होते. कानाला हेडफोन, एकेक बारीक सूर वाजतो, ऐकू आला की बटण दाबायचं. अगदी शांततेत किती हळू आवाज ऐकू येतो ते त्यात कळतं, आणि ते कळायलाच हवं. पण माणूस बंद खोलीत जगत नाही. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला उभं राहून बघा. चारी बाजूंनी बोली, हमालांच्या आरोळ्या, टेंपोचे हॉर्न, आणि त्यातून आडत्याला नेमकी आपल्या मालाची बोली कळते. हे काम कान करत नाही, मेंदू करतो. नको ते आवाज मागं सारून हवा तो पुढं आणणं, 'पट' आणि 'फट' मधला फरक क्षणात पकडणं, पहिलं वाक्य डोक्यात धरून दुसरं ऐकणं, हे सगळं तिथं होतं. काही मुलांना कान चांगले असूनही नेमकं हेच जमत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका पाचवीतल्या मुलीचं असंच होतं. समोर बसून एकटीशी बोललं की चुणचुणीत उत्तरं. चाळीस मुलांच्या वर्गात ती हरवून जायची. दर दोन मिनिटांनी "काय?" म्हणायची, आणि गंमत अशी की आपण पुन्हा सांगायच्या आधीच कधी कधी तिचं उत्तर यायचं, कारण ऐकलेलं समजायला तिला जरा जास्त वेळ लागायचा. तोंडी सांगितलेल्या चार कामांतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहायचं. शाळेतून आली की दप्तर टाकून तासभर कुणाशी बोलायची नाही. दिवसभर कान ताणून ती दमलेली असायची, आणि घरच्यांना वाटायचं तोऱ्यात आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तर तिच्यावर "मुद्दाम करते" हे कायमचं चिकटलं. नॉर्मल रिपोर्टनं सुटका व्हायच्या ऐवजी आरोप पक्का झाला, याचं मला फार वाईट वाटलं.

अशा मुलांसाठी वेगळ्या चाचण्या असतात. गोंगाटात शब्द ओळखायला लावतात, दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात. साधारण सात वर्षांच्या आधी त्या विश्वासानं करता येत नाहीत. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, "गोंगाटात समजत नाही" असं स्पष्ट सांगितलं तरच तिकडे लक्ष जातं, नाहीतर नेहमीची तपासणी करून पाठवून देतात. आणि हेही खरं की अशीच लक्षणं लक्ष टिकत नसलेल्या मुलात दिसतात, भाषा उशिरा आलेल्या मुलात दिसतात, घाबरलेल्या मुलातही दिसतात, आणि एकाच मुलात दोन गोष्टी असू शकतात. जत भागातून आलेलं, घरी कन्नड बोलणारं मूल मराठी वर्गात गोंधळतं. इंग्रजी माध्यमात टाकलेलं मूलही तसंच गोंधळतं. परकी भाषा गोंगाटात समजणं कुणालाही जड जातं. म्हणून घरबसल्या मोबाइलवर वाचून पोराला कुठलं तरी नाव चिकटवू नका. पण काही तरी आहे एवढं ओळखा आणि दाखवा.

तान्ह्या बाळांबद्दल थोडक्यात. पूर्ण बहिरं बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने हुंकार देतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. वर्षाचं होऊन एकही शब्द नाही, दोन वर्षांचं होऊन "पाणी दे" एवढंही जोडून म्हणत नाही, तर "ह्याचा काका पण उशिरा बोलला" हे ऐकत बसू नका. जन्मानंतर महिन्याच्या आत पहिली प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा जगभर पाळला जाणारा हिशेब आहे. बाळ झोपलेलं असताना ओएई (आवाजाला आतला कान देतो तो प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी) या तपासण्या होतात, सुई नाही, दुखणं नाही. भाषा शिकायची मेंदूची पहिली वर्षं निघून गेली की मग लावलेल्या कानाच्या मशीनचा तेवढा उपयोग होत नाही.

आता मोठ्यांकडे येते. आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, निम्मी हयात विट्याला यंत्रमागावर गेली. मागाच्या शेडमध्ये ज्यानं पाऊल टाकलंय त्याला सांगायला नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आणि हातभर अंतरावर ओरडावं लागतं तिथला आवाज कानाला इजा करणारा असतो, हा साधा ठोकताळा आहे. ८५ डेसिबलच्या वर आठ तास, वर्षानुवर्षं, कानात काही न घालता. मागावरची माणसं हळूहळू ओठ बघून समजायला शिकतात, आण्णाही शिकले होते. त्यामुळे घरात समोरासमोर बोलताना कुणाला काही जाणवायचं नाही. पाठमोरं बोललं, दुसऱ्या खोलीतून हाक मारली, की भलतंच. "भात वाढू का?" विचारलं तर "धुतले की हात" म्हणायचे. पोरं हसायची. मग आण्णा जेवून लगेच सोप्यात जाऊन बसायला लागले. लग्नाला जाणं टाळायला लागले. फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात द्यायचे. सगळे म्हणायचे, आण्णांना आता माणसं नकोशी झालीत.

अशा नुकसानीत आवाज सगळा जात नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, थ, फ, आणि बायकामुलांचे आवाज. जाड आवाज शाबूत राहतो. म्हणून माणूस म्हणतो "ऐकू येतंय, पण काय बोललात ते कळत नाही." हे वाक्य घरात कुणी बोललं तर तेवढ्यावर तपासायला न्या. आणि म्हणूनच ओरडून उपयोग होत नाही. ओरडल्यावर जाड आवाज आणखी मोठा होतो, स आणि श तिथंच राहतात, वर त्या माणसाला वाटतं आपल्यावर खेकसतायत. मग तोही खेकसतो, आणि घरात भांडण लागतं. टीव्ही मोठा लावण्यावरून किती घरांत सासू-सुनांचं बिनसलं असेल, देव जाणे.

बहिऱ्याचे विनोद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. दोन बहिरे भेटतात, एक काही विचारतो, दुसरा भलतंच सांगतो, सगळे खो खो हसतात. मला ते आता ऐकवत नाहीत. चष्मा लागलेल्याला कुणी हसत नाही, मशीन लावायला मात्र माणूस लाजतो, आणि त्या लाजेचं मूळ या हसण्यात आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात मध्यम वयात ऐकू कमी येणं हे एक मोठं कारण आहे. म्हणजे पन्नाशीतला माणूस "चालतंय की" म्हणून कान सोडून देतो, त्याचा हिशेब सत्तरीत लागू शकतो.

काही गोष्टी तर थांबण्यासारख्या नाहीतच. एका कानाचं ऐकणं एकाएकी, रातोरात गेलं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा, उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त. गालगुंडानंतर मुलाचा एक कान गेलेला असू शकतो, आणि दुसरा चांगला असल्यानं ते वर्षभर कळत नाही. हाक कुठल्या बाजूनं आली हे त्याला समजत नाही, तो इकडेतिकडे बघत राहतो, तीच खूण. टीबीची काही इंजेक्शनं आणि कॅन्सरची काही औषधं कानावर परिणाम करतात, तिथं आधीच विचारून ठेवावं. एसटी स्टँडवर कान कोरून देणाऱ्यासमोर बसू नये. आणि मिरजेच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानींखाली लहान मुलाला खांद्यावर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभं राहणाऱ्या बापांना माझी हात जोडून विनंती आहे, लांब व्हा. दुसऱ्या दिवशी कानात दडे बसतात, गुंई गुंई वाजतं, ते बरं झाल्यासारखं वाटलं तरी आतलं नुकसान भरून निघतंच असं नाही.

वर्गात आणि घरात करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मी फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलंय. आधी नाव घेते, पोरानं माझ्याकडे बघितलं की मग सांगते. एका वेळी एकच काम. "काय?" म्हटलं की तेच वाक्य मोठ्यानं म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगते. शंका असलेल्या मुलाला पुढं बसवते, पण खिडकीपाशी किंवा पंख्याखाली नाही, आणि एकच कान चांगला असेल तर तो वर्गाकडे येईल असं. घरी आण्णांशी बोलायचं असेल तर आधी टीव्ही बंद, चेहऱ्यावर उजेड, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश. मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे ते वैतागले होते, भांड्यांचा आवाजसुद्धा नकोसा व्हायचा. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो. पुष्कळ घरांत याच दिवसांत मशीन डबीत जाते आणि तिथंच राहते. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं, हे देणाऱ्यानं आधीच सांगायला हवं.

तपासणीसाठी सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं कान-नाक-घसा विभागात जाता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते फुकट आहे, आणि ऐकण्याची तपासणी त्यात येते. पण एका दिवसात शंभर-दीडशे मुलं बघणाऱ्या डॉक्टरला एकेका मुलासाठी काही मिनिटंच मिळतात. त्या काही मिनिटांत सर्दीच्या दिवसांतलं श्रुतलेखन त्यांना दिसणार नाही. म्हणून पथक येण्याआधी मी नावं काढून ठेवते, प्रत्येक नावापुढं एक ओळ लिहिते, "मागून हाक मारल्यास वळत नाही", "दोन सूचनांपैकी एकच पाळतो", "कान वाहतो", आणि चुकलेल्या श्रुतलेखनाचं पान सोबत जोडते. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो, तसं त्यांनीच सांगितलंय. शिक्षकमित्रांनो, अंगणवाडीताईंनो, तुमच्याकडे पथक यायचं असेल तर या आठवड्यात एक श्रुतलेखन घ्या आणि ती पानं बाजूला काढून ठेवा.